द्व्होर्झाकची नृत्ये

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या जलशाला बसायचे म्हणजे आधी पुष्कळ शिकून यायला हवे, असा आपल्याकडे एक समज आहे. आंतोनिन द्व्होर्झाकची ‘स्लाव्ह नृत्ये’ ऐकली की तो निम्मा तरी ओसरतो. पहिलेच नृत्य घ्या. आरंभी एक दणदणीत स्वरमेळ, आणि मग सगळी वाद्ये भरधाव सुटतात. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरू पाहतो. पण ठेका चकवतो! चेक लोक या नृत्याला ‘फुरियांट’ म्हणतात. दोन-दोन मात्रांचे तीन तुकडे, मग तीन-तीन मात्रांचे दोन; एकूण मात्रा बाराच. एकताल ज्यांच्या कानांत आहे त्यांना ही गंमत बोटांवर मोजता येईल. कागदावर ताल सरळ तीन मात्रांचा असतो; सरकवलेले असतात ते आघात.

द्व्होर्झाकचा जन्म १८४१ सालचा, प्रागजवळच्या नेलाहोझेव्हेस या खेड्यातला. वडील खाटीक आणि खानावळवाले. फावल्या वेळी झिथर वाजवीत. मुलगा पुढे प्रागच्या नाट्यगृहात व्हायोला वाजवू लागला. ब्राम्ससारख्या थोर संगीतकाराने शिफारस केली, तेव्हा बर्लिनचा प्रकाशक सिमरॉक याने १८७८ साली त्याच्याकडून ही आठ नृत्ये लिहून घेतली. प्रथम एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी, आणि लगोलग वाद्यवृंदासाठी. मोबदला ३०० मार्क. बर्लिनच्या एका वृत्तपत्रात स्तुतिपर लेख आला नि दुकानांत प्रतींसाठी झुंबड उडाली. १८८६ सालच्या दुसऱ्या संचासाठी सिमरॉकला ३,००० मार्क मोजावे लागले!

ब्राम्सच्या ‘हंगेरियन नृत्यां’चा नमुना समोर होता. परंतु ब्राम्सने बहुतांशी प्रचलित चाली घेतल्या. द्व्होर्झाकने ताल तेवढे लोकांचे घेतले आणि सुरावट स्वतःची रचली. जात्यावरच्या ओवीची लय उचलून कुणी नवे शब्द लिहावेत, तसे हे. माझ्या मते ही वाट अधिक अवघड. उसनी चाल ओळखीच्या जोरावर तरून जाते. इथे तो आधार नाही.

बोहेमियावर त्या काळी ऑस्ट्रियाची सत्ता होती आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन. सिमरॉक मुखपृष्ठावर ‘आंटोन’ असे जर्मन वळणाचे नाव छापी, हे द्व्होर्झाकला खुपे. कलावंतालाही मायभूमी असते, असे त्याने १८८५ साली प्रकाशकाला पत्राने बजावले. अखेर तडजोड निघाली ती ‘आंट.’ या संक्षेपाची: जर्मन वाचकाने आंटोन म्हणावे, चेक वाचकाने आंतोनिन.