कुरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल

मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं एक नाटक आहे. त्यात हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरातली बाई, म्हणजेच कुरवंजी, चक्क जगाचा भूगोल सांगते: खंडं, देश, नद्या. ते लिहिलं तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी. त्याच शहरात, त्याच पिढीत, वेदनायगम शास्त्री या ख्रिस्ती कवीने तमिळमध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तिच्यातही भूगोल आणि खगोल येतात. एक शिवभक्त मराठा राजा, दुसरा येशूचा तमिळ कवी. दोघांचा गुरू मात्र एकच: मिशनरी ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ 1726 साली प्रशियात जन्मला. हाले इथे शिकतानाच तमिळ बायबलच्या छपाईला मदत करता करता त्याने तमिळचे धडे घेतले होते. 1750 मध्ये तो त्रांकेबारच्या डॅनिश वसाहतीत उतरला. तिथून कावेरीच्या सुपीक पट्ट्यातून आत निघालं, की कुंभकोणम लागतं आणि पुढे तंजावर. हा सारा मुलूख तेव्हा भोसल्यांच्या, म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या, राज्यातला. आधी तिरुचिरापल्ली आणि 1778 पासून तंजावर, असा त्याचा मुक्काम राहिला. दरबाराची भाषा मराठी, म्हणून तो मराठीही शिकला. लग्न त्याने केलं नाही. शिकायला येणारी पोरंच त्याचा संसार झाली. प्रार्थना, वाचन, गायन, गणित सगळं तो त्यांना एकत्र शिकवी आणि त्यांतूनच पुढचे उपदेशक तयार करी. 1785 मध्ये ब्रिटिश रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या साथीने तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळाही उभ्या राहिल्या.

वेदनायगम त्याला तिरुनेलवेलीकडे भेटला. बापाची परवानगी घेऊन श्वार्ट्झने त्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला तंजावरला आणलं. 1787 मध्ये मरणपंथाला लागलेल्या तंजावरच्या तुळजाराजांनी आपला दहा वर्षांचा दत्तक मुलगा, सरफोजी, या पाद्र्याच्या भरवशावर सोपवला. तुळजाराजांनंतर गादीवर बसलेल्या अमरसिंगाने त्या मुलाला कोंडून ठेवलं, शिक्षण तोडलं. श्वार्ट्झ मद्रासच्या इंग्रजांकडे दाद मागत राहिला. अखेर 1793 मध्ये सरफोजीला मद्रासला हलवलं, आणि तिथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने त्याचं शिक्षण पुढे नेलं. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ज्याने आयुष्यभर धर्मप्रसार केला, त्याच्या या सर्वांत लाडक्या शिष्याने धर्म बदलला नाही, आणि तरीही दोघांतलं प्रेम उणावलं नाही. राजा झाल्यावर सरफोजी काशीयात्रा करून आले.

श्वार्ट्झने या शिष्यांना दिलं ते जगाकडे पाहण्याचं कुतूहल. तेही दोघांनी उसनं ठेवलं नाही, इथल्या मातीत रुजवलं. कुरवंजी नाटकात ती भटकी बाई नायिकेचा हात पाहण्याआधी आपला डोंगर, आपण पायाखाली घातलेले मुलूख यांचं भरभरून वर्णन करते. प्रेक्षकांना ही जागा तोंडपाठ होती. नव्या शास्त्राला शिरायला याहून नैसर्गिक दार कुठलं? बाईच्या पायपिटीची हद्द तेवढी वाढवली आणि सारी पृथ्वी रंगमंचावर आली! शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही ती ऐकून कळली असती.

वाटा पुढे वेगळ्या झाल्या. शास्त्री आयुष्यभर येशूची भक्तिगीतं रचत राहिले. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केलं, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर 1803 मध्ये भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. श्वार्ट्झ 1798 च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं: मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरून उभा राजा. गुरूच्या कबरीसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत कविताही लिहिली.

पोरांसाठी झटणं मात्र राजानेही सोडलं नाही. अन्नछत्रांच्या जोडीने त्यांनी मोफत शाळा चालवल्या, तंजावरात देवनागरी छापखाना काढला, आणि 1806 मध्ये त्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. पुस्तकाचं नाव ‘बालबोध मुक्तावली’.