अंगणवाडीत मुलं ‘नुसती खेळतात’?



बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो की एक तक्रार हमखास ऐकू येते : “अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, पोरं नुसती खेळतात.” मग तीन वर्षांचं लेकरू फी भरून, गाडीत कोंबून तालुक्याच्या केजीत जातं. तिथं वही भरते, म्हणून आपल्याला बरं वाटतं. आज त्या खेळाकडेच जरा नीट बघू या.

ताई चिंचोके आणि वाल एकत्र करून निवडायला देतात. सारखं काय, वेगळं काय हे ओळखणं म्हणजे गणिताची पहिली पायरी. घरी करून बघा. मूल वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणत असेल, तर त्याला म्हणा, “यातले तीन चिंचोके दे.” त्यानं मूठभर दिले, तर अंक पाठ झालेत, मोजणं अजून यायचंय. ते एकेक चिंचोका उचलूनच येतं.

मणी ओवून, माती मळून बोटांत बळ येतं. त्याच चिमटीत पुढं पेन्सिल बसते. बळ येण्याआधी गिरवायला बसवलं, तर हात दुखतो आणि मूल अभ्यासाला कंटाळतं. गाण्यांमुळे शब्दांतले आवाज कानात बसतात, ते वाचायला शिकताना उपयोगी पडतात. ऐकलेली गोष्ट सांगताना आधी काय, नंतर काय हे कळतं, बोलायला धीर येतो. हात धुवायला रांगेत थांबणंसुद्धा शिकावंच लागतं.

हे काही नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत हेच काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पानं, बिया, शंखशिंपले हेच तिथलं साहित्य. सरकारची अंगणवाडी योजना आली ती नंतर, १९७५ साली.

आता तुमच्या अंगणवाडीत खेळ, गाणी, गोष्टी खरंच होतात का, की खाऊ वाटला आणि मुलं घरी? गटानं एक सकाळ तिथं जाऊन बसावं. होत नसेल तर ताईंना विचारावं. पण त्यांच्यामागे वजनं, नोंदी, गृहभेटी किती असतात, तेही बघावं. चिंचोके, मणी, चिंध्या आपणच नेऊन द्याव्यात.

आणि संध्याकाळी लेकराला “काय लिहिलंस?” असं विचारू नका. “आज काय खेळलास?” असं विचारा, आणि ते सांगेल ते सगळं ऐका.