वाशीमच्या उन्हात घरातली आयव्ही: उजेड भरपूर, ऊन बेताचं

आयव्ही मूळची युरोपातल्या थंड रानांतली. आपल्या वऱ्हाडी उन्हात ती करपते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती लांबत जाते. म्हणून जागा नीट निवडा.

आधी एक सोपी चाचणी. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीजवळ कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली पुसट कडांची पडली तर जागा झकास. कडा ठसठशीत असतील तर ऊन जास्त. सावली दिसतच नसेल तर उजेड कमी.

🌿 पूर्व: सकाळचं कोवळं ऊन चालतं. सगळ्यात चांगली खिडकी.
🌿 पश्चिम: मार्च ते जून टाळा, निदान पातळ पडदा हवाच.
🌿 दक्षिण: हिवाळ्यात सूर्य कलतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येतं. कुंडी दोन-तीन फूट मागे घ्या.
🌿 उत्तर: वाशीम साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ या खिडकीत तिरपं ऊन येतं. एरवी ही जागा निर्धास्त.

पानांमधलं अंतर वाढलं किंवा पांढऱ्या कडांची पानं हिरवी व्हायला लागली, की समजा उजेड कमी पडतोय. तपकिरी, कुरकुरीत डाग दिसले तर बहुधा उन्हाचा चटका.

कोरड्या हवेत लाल कोळी पटकन लागतो. पानामागे बारीक जाळी दिसली की वेल पाण्याने धुऊन काढा. पानं विषारी असतात, मुलं आणि मांजरांपासून लांब ठेवा.

तुमची आयव्ही कोणत्या खिडकीत आहे? फोटो टाका!