पडायचं ते पडावं, टिकायचं ते टिकावं

नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी पांढुर्णा सोडते, तिगाव येतं आणि मग चिचोंड्याकडे घाट चढायला लागतो. २०२३ साली छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके त्यात आले. कारभार हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत आणि वावरात संत्रा. बगीचा म्हटला की घरामागच्या सांदवाडीत अडगळ साचतेच: ठिबकच्या काळ्या नळ्या, पाण्याच्या लाइनीचे उरलेले पीव्हीसी पाइप, निळे ड्रम, रिकाम्या गोण्या, बांबू. त्या अडगळीशेजारी एखादं गावठी कुत्रं पडलेलं असतं. दिवसभर झोपतं, रात्रभर भुंकतं. या अडगळीची आणि त्या कुत्र्याची गाठ घालून देणारा एक खेळ आहे. त्याचं नाव अ‍ॅजिलिटी.

खेळ समजायला सोपा. मैदानात ठरावीक क्रमानं अडथळे मांडलेले असतात. कुत्र्यानं आडव्या दांडीवरून उडी मारायची, बोगद्यातून निघायचं, रांगेत रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळायचं, उतरत्या फळीवरून चढून-उतरून यायचं. गळ्यात दोरी नाही, हातात खाऊ नाही. मालक बाजूनं पळत हातवारे करणार आणि आवाज देणार. कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावला की गुण गेले. चूक न करता कमी वेळात जो फेरी पुरी करील, तो जिंकला.

हा खेळ जन्मला इंग्लंडमध्ये, तोही वेळ भरून काढण्यासाठी. क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या श्वानप्रदर्शनात १९७८ साली मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं होतं. आयोजन समितीतल्या जॉन व्हार्ली यांच्या डोक्यात घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा होत्या. तसंच काहीसं कुत्र्यांकडून करवून घ्यावं, असं त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला सुचवलं. मीनवेल यांनी अडथळे जुळवले, दोन संघ पळाले, लोकांना ते आवडलं. १९८० साली तिथल्या केनेल क्लबनं नियम केले. अमेरिकन केनेल क्लबची पहिली स्पर्धा १९९४ मध्ये झाली आणि आंतरराष्ट्रीय श्वान महासंघानं १९९६ पासून जागतिक स्पर्धा भरवायला सुरुवात केली.

घोड्यांच्या खेळातून आलेली एक गोष्ट मात्र या सगळ्या सामानाचा पाया आहे. घोडा उडी मारतो तो दांडा खुंटीवर नुसता टेकवलेला असतो; खूर लागला की दांडा पडतो, घोडा पडत नाही. अ‍ॅजिलिटीनं हे तत्त्व उचललं आणि त्याला दुसरं जोडलं. ज्या अडथळ्यावरून कुत्रं उडी मारतं, तो धक्का लागताच सुटला पाहिजे. ज्याच्यावर किंवा ज्याच्या आत ते पाय ठेवतं, तो तसूभरही हलता कामा नये. घरी सामान बनवणाऱ्यानं एवढं पक्कं धरलं, तर बाकी सगळं मोजपट्टीचं काम आहे. गडबड होते ती या दोन्हींची अदलाबदल झाली की.

दांडीची उडी

सुरुवात उडीपासून करावी, कारण ती एका पाइपात होते. एक इंची पीव्हीसी पाइपची सहा मीटरची पूर्ण लांबी घ्यायची. त्यातून तीन-तीन फुटांचे दोन उभे खांब, चार फुटांची एक दांडी, खालून दोन्ही खांब जोडणारा चार फुटांचा एक तुकडा आणि पायांसाठी सोळा-सोळा इंचांचे चार तुकडे निघतात. जे बोटभर उरतं त्याचे दोन आखूड जोड. प्रत्येक बाजूला एक ‘टी’ जमिनीलगत: तिच्या दोन तोंडांत पुढचा-मागचा पाय, तिसऱ्या तोंडातून आखूड जोड वर. त्या जोडावर दुसरी ‘टी’, तिच्या बाजूच्या तोंडात खालचा आडवा तुकडा आणि वरच्या तोंडात खांब. म्हणजे चार ‘टी’ आणि उघड्या तोंडांना सहा टोप्या. टोपी लावण्याआधी पायांत कोरडी वाळू भरली की वारा आला तरी उडी जागेवर राहते.

हार्डवेअरच्या दुकानात हे सामान मागितलं की दुकानदार सवयीनं सोल्युशनचा डबा पुढे करतो. वरच्या दांडीला ते लावायचं नाही म्हटलं, की त्याचा प्रश्न ठरलेला.

“मंग थे निंघून जाइन ना, भाऊ?”

“जायलेच पायजे.”

खरी कारागिरी दांडी टेकवायच्या वाटीत आहे. दांडीपेक्षा एक माप मोठ्या पाइपाचा दोन इंची तुकडा उभा चिरला की पन्हळीसारखी वाटी मिळते. ती बरोबर अर्धी चिरली तर दांडी तिच्यात रुतून बसते, आणि कुत्र्याचा पाय लागला की दांडीसकट अख्खी उडी ओढली जाते. म्हणून वाटी उथळ हवी, पाइपाच्या घेराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची. ती खांबाला एका स्क्रूनं बसवायची, स्क्रूचं टोक बाहेर येऊ द्यायचं नाही आणि कडा कानशीनं मोडून घ्यायच्या. तळहाताच्या कडेनं दांडीला हलकेच टोला द्या, पुढून आणि मागूनही. दोन्ही वेळा दांडी पडली तर वाटी जमली.

रंगाचं म्हणाल तर लाल टेप परत करा. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. हिरवळीवरची लाल दांडी त्याला मळकट दिसते. निळा आणि पिवळा त्याला चांगला दिसतो, म्हणून दांडीवर त्याच रंगांचे पट्टे. शिवाय पीव्हीसी उन्हात वर्षभर पडलं की ठिसूळ होतं आणि फुटलं की त्याची धार सुरीसारखी लागते. वापर झाला की दांड्या सावलीत जायला हव्यात.

टायर आणि खांब

अडदांड हौस सगळ्यात आधी टायरकडे वळते. मोटारसायकलचं जुनं टायर, सुंभ, लिंबाची फांदी. पाच मिनिटांत अडथळा तयार. दिसायला झकास आणि या सगळ्या यादीत सर्वांत धोक्याचा. टांगलेलं टायर झुलतं, त्यातली तार तुटत नाही आणि उडी चुकली की झटका कुत्र्याच्या मानेवर किंवा कमरेवर येतो. याच कारणानं स्पर्धांमध्ये आता धक्का बसताच सुटणारं टायर वापरतात. घरी त्यावर उपाय ठिबकवाल्याच्या दुकानात आहे. एक इंची काळा एचडीपीई पाइप वेटोळ्यातूनच येतो, म्हणून आपोआप वाकतो. त्याचा पाच फूट दोन इंचांचा तुकडा गोल केला की आतून जवळजवळ अर्ध्या मीटरचं कडं होतं. दोन्ही तोंडं बारक्या नळीच्या सैल तुकड्यावर नुसती सरकवायची आणि जोड खालच्या बाजूला ठेवायचा. कड्यावर जुनी गोधडी गुंडाळायची आणि ते लाकडी चौकटीत बांधायचं. हातानं जोर केला की जोड उघडला पाहिजे.

नागमोडी पळण्याचे खांब स्पर्धेत बारा असतात, दोन खांबांत साठ सेंटिमीटर अंतर. म्हणजे बावीस फूट लांब रांग. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा, हा नियम कधी बदलत नाही. मुरमाड जमिनीत दोन फुटांची सळई निम्मी ठोकून तिच्यावर पाइप चढवला की खांब उभा. पाइप काढला की सळई लगेच उपटायची. उघडी सळई अंगणात राहिली तर कुत्र्याआधी घरातलं लेकरू तिच्यावर पडेल. कुत्र्याला वळणं एकदम कळत नाहीत. त्यासाठी सहा-सहा खांबांच्या दोन समांतर ओळी रोवून मधून सरळ पळायला शिकवतात, मग काही आठवड्यांत त्या ओळी इंचाइंचानं जवळ आणतात. सळयांवरचे खांब याच कामासाठी सोयीचे.

बोगदा

स्पर्धेतला बोगदा साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन ते सहा मीटर लांबीचा, वळवता येणारा असतो. आपल्याकडचा दोनशे लिटरचा निळा ड्रम व्यासाला त्याच्या जवळपास भरतो. दोन्ही तळ कापून तीन ड्रम ओळीनं जोडले की अडीच मीटरचा सरळ बोगदा झाला. कापलेल्या कडेवर बागेची रबरी नळी उभी चिरून घट्ट बसवायची.

इथे बगीचेवाल्यांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. कुत्रं आत नाक घासतं, चाटतं आणि नंतर पंजेही चाटतं. खाद्यपदार्थाचा ड्रम मिळत नसेल तर बोगदा राहू द्यावा. ड्रम मिळालाच, तर दोन्ही अंगांनी वाळूच्या गोण्या लावून तो जाम करायचा. आत शिरलेल्या कुत्र्याखाली बोगदा एकदा जरी गडगडला, तरी ते पुन्हा त्याच्या तोंडाशी फिरकत नाही. बोगद्याचा दुसरा प्रकार, म्हणजे शेवटी कापडाची नळी लोंबणारा, कापडात पाय अडकून होणाऱ्या दुखापतींमुळे अमेरिकन केनेल क्लबनं २०१६ साली स्पर्धेतून काढून टाकला. जुन्या आराखड्यांत तो दिसला तर ओलांडून पुढे जावं.

सुताराचं काम

इथपर्यंत पाइप कापता येणाऱ्या कुणालाही जमेल. चढायच्या अडथळ्यांना मात्र सुतार हवा. या भागात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणारे हात आहेत. त्यांना कोपरा गोल करणं शिकवावं लागत नाही.

दोन फळ्यांचं उताराचं छप्पर, म्हणजे ए-फ्रेम, स्पर्धेत एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंच असतं. घरी आठ फुटी प्लायवूडचे तीन फूट रुंद दोन पट्टे बिजागऱ्यांनी जोडायचे आणि दोन्ही बाजूंना साखळी लावायची, म्हणजे पाय फाकणार नाहीत. साखळीची कडी सोडत-आवळत उंची बदलता येते. पहिले काही आठवडे फ्रेम जवळजवळ आडवीच ठेवावी. पृष्ठभागावर ऑइल पेंटचा हात मारून तो ओला असतानाच चाळलेली बारीक रेती भुरभुरायची, वाळली की झटकून वरून पुन्हा रंग. नखं धरतील इतकं खरखरीत हवं, पंजा सोलेल इतकं नाही. खालचे साडेतीन फूट पिवळे रंगवायचे. या पट्ट्यात कुत्र्याचा निदान एक पंजा पडलाच पाहिजे, नाहीतर चूक. नियम त्याच्या सांध्यांसाठी आहे: वरूनच झेप घेऊन उतरणाऱ्या कुत्र्याचे खांदे फार दिवस टिकत नाहीत.

सगळ्यात शेवटी बनवावी सी-सॉची फळी, कारण हलणं आणि न हलणं दोन्ही इथे एकत्र येतं. साडेतीन मीटरच्या वर लांब, तीस सेंटिमीटर रुंद, मधोमध जमिनीपासून साठ सेंटिमीटर उंच. टेकू जमिनीला खिळलेला. फळी मात्र हलती. ती किती हलती असावी याची आंतरराष्ट्रीय नियमांतली परीक्षा किराणा दुकानातल्या मापानं करता येते. कुत्रं जिकडून उतरतं त्या अर्ध्या भागाच्या मध्यावर एक किलोचं वजन ठेवायचं. फळी दोन ते तीन सेकंदांत जमिनीला टेकली पाहिजे. लवकर आपटली तर कुत्रं धसकतं, उशीर लागला तर हलकं कुत्रं टोकावर लटकत राहतं. चढायच्या बाजूला जरा वजन वाढवून किंवा कमी करून हे जमवावं लागतं. फळीच्या आवाजाची भीतीही मोठी असते. सुरुवातीला टोकाखाली गोणपाटाची घडी ठेवावी.

कुत्र्याचं माप

अमेरिकन नियमांत कुत्र्याची खांद्यापाशी उंची अठरा ते बावीस इंच असेल तर दांडी वीस इंचांवर, चौदा ते अठराला सोळा इंचांवर. घरच्या सरावाला यापेक्षा चार-आठ इंच खालीच राहावं. पिल्लाची हाडं वाढत असताना उंच उड्या नकोत. अमेरिकेत पंधरा आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अठरा महिन्यांच्या आतलं कुत्रं मैदानात उतरवता येत नाही. तोवर दांडी जमिनीवर ठेवून नुसतं ओलांडायला शिकवता येतं.

इकडच्या उन्हाळ्यात सराव पहाटेच. हाताची मागची बाजू फळीवर सात सेकंद टेकवून पाहावी. ठेववली नाही तर कुत्र्याच्या पंजालाही ती सोसणार नाही.

आपल्या मध्य प्रदेशातच याची मोठी शाळा आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० सालापासून चालतं. जंगलातल्या शिकारीचा माग काढणारी काही कुत्रीही तिथेच तयार झाली. अडथळे ओलांडणं तिथे करमणूक नसून रोजच्या कवायतीचा भाग आहे. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये याच दलाच्या रिया या मुधोळ हाउंड कुत्रीनं विदेशी जातींना मागे टाकलं. देशी रक्त मैदानात कमी पडतं, हा समज त्यानंतर तरी सोडायला हरकत नाही.

बाजारचं सामान कुणीतरी तपासून विकतो. सांदवाडीत बनवलेल्याला तपासणारा आपणच, म्हणून सरावाआधी रोज एक फेरी स्वतः मारावी. प्रत्येक दांडीला टोला द्यावा आणि प्रत्येक फळीवर स्वतः पाय देऊन उभं राहावं. जी दांडी पडली नाही आणि जी फळी डुगडुगली, ती त्या दिवसापुरती बाजूला. कुत्रं तक्रार करत नाही. ते एकतर विश्वास ठेवून झेपावतं, नाहीतर पुन्हा त्या अडथळ्याकडे येतच नाही. त्या विश्वासाची जबाबदारी करवत हातात धरणाऱ्याची.