टक्के कुणाचे मोजायचे? – स्वमग्न व्यक्ती आणि तिचं घर

गरज म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज तो आपण पुस्तकातून काढून एका घरात नेऊन बघू.

आधी शब्दाबद्दल. ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. रूढ झालाय म्हणून वापरायचा, पण आम्हाला तो खटकतो. ‘मग्न’ म्हटलं की माणूस आपल्याच आनंदात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आवाज, उजेड, गर्दी हे सगळं पुष्कळदा त्याच्यावर इतकं आदळत असतं की मग्न व्हायला उसंतच नसते. असो.

आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी जी मोजपट्टी तयार झाली तिला ‘इसा’ म्हणतात, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. तिच्यात ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण. नजरेला नजर देतो का, तेच तेच शब्द बोलतो का, आवाजाला कसा वागतो, अशा त्या बाबी. बेरीज ७० ते १०६ आली तर सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. मोजपट्टी चांगली आहे, तिचं काम ती करते. पण चाळीसही बाबी मुलाबद्दलच्या. रात्री तीन वाजता त्याच्याबरोबर जागं कोण असतं, याला तिथे रकाना नाही.

आता एक घर डोळ्यासमोर आणा. मंगळवार पेठ, दोन खोल्या. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीवर. मुलगा एकोणीस वर्षांचा, धाकटी बहीण कॉलेजात, आजी थकलेली. आईला विचारलं, ‘तुम्हाला काय मदत पाहिजे?’ ती म्हणते, ‘काय नाही ओ, चाललंय बघा.’ मग आपण लिहायचं का, गरज नाही म्हणून?

इथे अमर्त्य सेन उपयोगी पडतात. ज्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं काही आलं नाही, तो आपल्या इच्छाच छाटून घेतो, असं ते दाखवतात. म्हणून मागणी मोजली म्हणजे गरज मोजली असं होत नाही. ‘काय पाहिजे’ असं विचारूच नका. विचारा, ‘कालचा दिवस सांगा. सकाळी किती वाजता उठलात? आंघोळीला गेलात तेव्हा त्याच्यापाशी कोण होतं? तुमचं दुखणं शेवटचं कधी दाखवलंत?’ मग बाई बोलायला लागते. विसर्जनाच्या दिवसांत साऊंड सिस्टीमच्या भिंती लागल्या की हे घर कुलूप लावून गावाकडे जातं, हे तेव्हा कळतं. सगळं कोल्हापूर रस्त्यावर असतं आणि हे लोक एसटीत. ही गरज कुठल्या तक्त्यात बसवणार?

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टने सांभाळणाऱ्याचं वेगळं मूल्यमापन मान्य केलं. त्यात एक प्रश्न आहे : ही व्यक्ती सांभाळायला समर्थ आहे का, आणि राजी आहे का? पुढेही राहील का? दुसरा प्रश्न आपल्याकडे आईला विचारून बघा. अपमान वाटेल तिला. पण आम्हाला वाटतं, तो न विचारण्यातच आपली खरी गफलत आहे. प्रेम आहे म्हणून दमणूक नाही, असं कुणी ठरवलं? इव्हा किटे ही अमेरिकन तत्त्वज्ञ स्वतः एका तीव्र बौद्धिक दिव्यांग मुलीची आई. तिचं म्हणणं सरळ आहे : जो दुसऱ्याला सांभाळतो त्याला सांभाळणं हे समाजाचं देणं आहे, उपकार नव्हे. बाळंतिणीला माहेर असतं ना, तसं.

आपल्या कायद्यात दार अगदीच बंद नाही बरं का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८ मध्ये ‘उच्च आधाराची गरज’ ही कल्पना आहे. किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरं कुणी किंवा एखादी संस्था, अर्ज करू शकते; मंडळाने गरज तपासायची आणि आधार सुचवायचा. मात्र तिथेही केंद्रस्थानी व्यक्तीच आहे. म्हणून अर्जासोबत घराच्या एका आठवड्याची वही जोडा, असं आम्ही सुचवू. कोण किती जागलं, कुणाचा खाडा झाला, कुठलं लग्न चुकलं. साध्या मराठीत, तारखेसकट.

आणि मुलगा एकोणीसचा आहे, हे विसरू नका. अठरा पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. पुष्कळ घरांना हे बँकेच्या खिडकीवर अडल्यावरच कळतं.

त्या अर्जात आईवडिलांनंतर कोण, हा प्रश्न येतोच. सगळ्यांच्या माना बहिणीकडे वळतात. ती वीसचीही नाही, आणि तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही. वहीत एक पान तिचंही ठेवा, आणि ते तिलाच लिहू द्या, आई समोर नसताना.