वरिष्ठ न्यायालये आणि फाशीचे माप

भारतात सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलात येत नाही. शिवाय शिक्षा कशी मोजायची याचे सूत्र वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांतून घडते आणि सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा राज्यघटनेच्या कलम १४१ नुसार सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. ‘बचन सिंग’ खटल्यात १९८० साली घटनापीठाने फाशी ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचा, म्हणजे त्याचे वय, परिस्थिती व सुधारण्याची शक्यता यांचा, विचार आवश्यक ठरवला.

हे सूत्र सुटले की काय घडते, हे नाशिकच्या एका खटल्यात दिसते. २००३ मधील अत्यंत क्रूर हत्याकांडाबद्दल नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली; उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली; परंतु ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ गुन्ह्याच्या स्वरूपावर भर देणाऱ्या ‘रावजी’ या १९९६ च्या निकालाचा आधार घेत, सहाही जणांना फाशी सुनावली. अवघ्या १३ दिवसांनी, ‘बरियार’ खटल्यात, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने ‘रावजी’ हा बंधनकारक पूर्वनिर्णयाकडे दुर्लक्ष करून दिलेला, म्हणून पायंडा न ठरणारा, निकाल असल्याचे म्हटले.

तरीही २००९ चा निकाल मागे घ्यायला २०१८ उजाडले. फेरसुनावणीनंतर ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला.