अबू सालेमला फाशी का झाली नाही?

१२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये टाडा कोर्टाने या खटल्यात दोघांना फाशी सुनावली, अबू सालेमला मात्र जन्मठेप. आमच्या घाटंजीत चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की एकच सवाल येतो, हा वाचला कसा? कुणी म्हणतं सेटिंग झाली. तसं काही नाही. भारताने लिहून दिलेल्या शब्दामुळे तो वाचला.

सालेम सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात पकडला गेला. दुसऱ्या देशाने आरोपी आपल्या हवाली करणं म्हणजे प्रत्यार्पण. पण पोर्तुगालची राज्यघटना सांगते की जिथे फाशी किंवा आजन्म कैद होऊ शकते, तिथे हमीशिवाय माणूस द्यायचा नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली: फाशी नाही, आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. त्यानंतरही तिथली कोर्टकचेरी चाललीच. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला.

खरी परीक्षा पुढे झाली. हे आश्वासन भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, असं सीबीआयने सुप्रीम कोर्टात सांगून पाहिलं. ११ जुलै २०२२ च्या निकालात कोर्टाने फरक नीट उलगडला. कायद्याप्रमाणे शिक्षा देणं न्यायाधीशाचं काम, ती जन्मठेप असू शकते. पण शब्द सरकारने दिलाय, तो सरकारनेच पाळायचा. १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं भरली की सरकारने सुटकेसाठी पावलं उचलायची. म्हणजे २०३०. उर्दूत याला अहद म्हणतात, आणि तो नावडत्या माणसाबाबतही मोडता येत नाही.

युरोपीय संघात आपसात हे काम सोपं आहे. २००४ पासून तिथे युरोपीय अटक वॉरंट चालतं, एका देशाचा न्यायाधीश थेट दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशाकडे मागणी करतो. भारताची मागणी मात्र सरकारकडून सरकारकडे जाते, आणि तिथलं कोर्ट ती तपासून घेतं.

ही तपासणी नुसती औपचारिक नसते. गुलशनकुमार खून प्रकरणात संगीतकार नदीमला भारताने मागितलं, तेव्हा लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २००० मध्ये मागणी फेटाळली. आरोप सद्भावनेने, न्यायाच्या हितासाठी केलेला नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. आपल्याकडे 'आरोप झाला म्हणजे गुन्हेगार' असं मानणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा. बेगुनाह तरुण वर्षानुवर्षं आत राहून सुटल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि तुरुंग? विजय मल्ल्याच्या वेळी, २०१८ मध्ये, लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड जेलमधल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओच मागवला. उजेड किती येतो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. सरकारने तो पाठवला. त्याच आर्थर रोडच्या इतर बराकींत क्षमतेच्या कितीतरी पट कच्चे कैदी कोंबलेले असतात. त्यांच्या खिडकीचा व्हिडिओ कोण मागवणार?